दोन मास्तर

नकाशावर बाण काढण्याची मला फार हौस आहे. इतिहासाच्या तासाला फळ्यावर एखाद्या मोहिमेचा नकाशा काढावा, रंगीत खडूंनी नद्या, डोंगर, किल्ले दाखवावेत आणि मग एका झपाट्यात लांबलचक वळणदार बाण ओढावा, की मागच्या बाकावर पेंगणारी मुलेही ताठ बसतात. नेपोलियनचा मॉस्कोला जाणारा बाण मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. बाजीरावाच्या बाणाला तर फळाच पुरत नाही. मुलांचे काय आणि मास्तरांचे काय, युद्धातले आपल्याला आवडते ते एवढेच: कुणीतरी कुठून तरी निघाले आणि कुठे तरी जाऊन पोहोचले.

पहिल्या महायुद्धापाशी मात्र माझा खडू अडतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा बेल्जियममधून फ्रान्समध्ये उतरल्या, तो बाण झकास येतो. सप्टेंबरात मार्न नदीवर फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी त्यांना थोपवून मागे रेटले, तोही काढता येतो. पुढे? पुढे स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे सातशे किलोमीटरची एक वेडीवाकडी रेघ ओढायची आणि खडू खाली ठेवायचा. दोन्ही बाजू जमिनीत खंदक खणून समोरासमोर बसल्या, आणि ती रेघ पुढची तीन-साडेतीन वर्षे फारशी हलली नाही.

मी एकदा हिशेब करून पाहिला. आमच्या फळ्यावर मी फ्रान्स काढतो तो उंचीला साधारण एक मीटर. तो देश उत्तर-दक्षिण सुमारे हजार किलोमीटर. तेव्हा फळ्यावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा एक किलोमीटर झाला. आता, १९१४ च्या २० डिसेंबरला फ्रेंच सैन्याने शांपेन प्रांतात जर्मन खंदकांवर जी चढाई सुरू केली, ती १९१५ च्या १७ मार्चपर्यंत चालली. तीन महिन्यांत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून फ्रेंचांची नव्वद हजारांवर माणसे खर्ची पडली. जमीन मिळाली ती जास्तीत जास्त दोन-तीन किलोमीटर. फळ्यावर दोन-तीन मिलिमीटर! माझ्या खडूची रेघच त्याहून जाड उमटते. हा बाण काढायचा तरी कसा?

ज्याचा बाण काढता येत नाही त्या लढाईविषयी मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आलो. फ्रेंच मला येत नाही, इंग्रजीही मॅट्रिकपुरतेच. पण शब्दकोश उशाशी घेऊन चिकाटीने बसण्याचा गुण मास्तरकीने अंगी बाणवला आहे. त्या वाचनात मला दोन माणसे भेटली. दोघेही आमच्याच पेशातले. एक मास्तर आणि कादंबरीकार, दुसरा नुसता मास्तर. त्यांची ओळख करून देण्याआधी, ते ज्या युद्धात सापडले ते कसले होते हे थोडे सांगितले पाहिजे.

१९१४ मध्ये लढाईला निघालेला फ्रेंच शिपाई निळा डगला आणि लालभडक विजार घालून निघाला होता. इतर देशांनी मातकट नाही तर करडे कपडे केव्हाच पत्करले होते; पण लाल विजार ही फ्रान्सची शान, ती टाकायची कशी, असे तिथे पुष्कळांना वाटे. जशी विजार, तशीच विद्या. लष्करी विद्यालयांतून शिकवण होती ती एकच, चढाई. कर्नल ग्रांमेझाँ नावाच्या अधिकाऱ्याने हा मंत्र सगळ्यांत जोराने घोकून घेतला होता. मन खंबीर असले आणि संगीन परजलेली असली की शत्रू हटलाच पाहिजे. मशीनगनला मात्र हा मंत्र कुणी शिकवलेला नव्हता. १९१४ च्या २२ ऑगस्टला, एका दिवसात, सुमारे २७ हजार फ्रेंच शिपाई ठार झाले. लाल विजारी पिकल्या गव्हाच्या शेतांतून दुरूनही दिसत. ग्रांमेझाँ स्वतः १९१५ च्या फेब्रुवारीत आघाडीवरच पडले. आपल्या शिकवणीची किंमत त्यांनीही मोजली, एवढे त्यांच्याविषयी म्हटले पाहिजे.

मग एवढा धडा मिळाल्यावर चढाया थांबायला हव्या होत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नेमके हेच विचारले, “गुरुजी, मग ते पुन्हा का गेले?” प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर सोपे नाही. जर्मन सैन्य फ्रान्सच्या भूमीवर बसले होते. उत्तरेकडचा कोळसा, लोखंड, कारखाने त्यांच्या हाती होते, आणि तिथली लाखो माणसे त्यांच्या अमलाखाली दिवस काढीत होती. चोर घरात शिरून माजघरात पथारी पसरून बसला असता घरधन्याने ओसरीवर शांतपणे वाट पाहत बसावे, हे कुणाला रुचेल? शिवाय पूर्वेकडे रशिया झुंजत होता. त्याच्यावरचा भार कमी करायचा तर पश्चिमेकडे जर्मनांना गुंतवून ठेवणे भाग होते. सेनापती जॉफ्र हे थंड डोक्याचे, अंगाने भरभक्कम, वेळेवर जेवणारे आणि वेळेवर झोपणारे गृहस्थ. ‘मी त्यांना कुरतडतो आहे,’ असे या काळातले त्यांचे उद्गार म्हणून सांगतात. कुरतडणाऱ्याचे दातही झिजतात, हा हिशेब त्यांच्या वहीत बहुधा उशिरा उतरला.

शांपेन हे नाव आपल्याकडे पोहोचले ते मद्यामुळे. पण ही लढाई झाली तो भाग द्राक्षमळ्यांचा नव्हे. तिथे पाइनची रोपवने, उघडे माळ आणि पांढरी चुन्यासारखी माती. खाली आहे तो खडूचा खडक. हल्ली आमच्या हातातला खडू जिप्समचा असतो. पण मूळचा खडू तो हाच. पावसाळी हिवाळ्यात तिथे खणले की पांढरा राडा होई आणि तो डगल्याला, बंदुकीला, भाकरीला, डोळ्यांच्या पापण्यांना चिकटे. संध्याकाळी शाळेतून घरी आलो की माझ्या बाह्यांवर खडूची भुकटी असते. अलीकडे ती झटकताना मला त्या शिपायांची आठवण होते.

चढाई व्हायची ती अशी. आधी तोफा. फ्रेंचांची पंचाहत्तर मिलिमीटरची तोफ साऱ्या जगात नावाजलेली. मिनिटाला पंधरा गोळे सहज टाकी. पण तिचा गोळा जवळजवळ सपाट जाई. विहिरीवरून सपाट दगड भिरकावला तर तो पाण्यात पडत नाही, पलीकडे जातो. तसेच खंदकाचे होते. खंदकात गोळा टाकायचा तर तो उंचावरून खाली आला पाहिजे. तशा जड तोफा फ्रेंचांकडे थोड्या होत्या. म्हणून जुन्या किल्ल्यांतल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या तोफा काढल्या, आज्या-पणज्याच्या काळातल्या उखळी तोफासुद्धा झाडूनपुसून आणल्या. दारूगोळ्याचाही तुटवडा पडला, आणि घाईघाईने केलेले गोळे कधी कधी तोफेतच फुटून आपल्याच गोलंदाजांचे प्राण घेऊ लागले.

तोफा थांबल्या की शत्रू समजे, आता माणसे येणार. जर्मन शिपाई भुयारांतून वर येत आणि मशीनगनी मांडीत. इकडे शिट्टी वाजे. शिड्यांवरून, मातीच्या पायऱ्यांवरून माणसे वर चढत आणि उघड्यावर धावू लागत. पुढे काटेरी तारांचे जाळे. ते तोफांनी तुटलेले असले तर नशीब, बहुधा नसेच. त्यातूनही पहिला खंदक हाती आलाच, तरी मागे निरोप धाडणार कसा? टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटलेल्या, निरोप्या वाटेतच पडलेला. १९१५ च्या ९ मे रोजी आर्त्वा भागात मोरोक्कन डिव्हिजनच्या शिपायांनी दीड तासात चार किलोमीटर मुसंडी मारून व्हिमीची टेकडी गाठली. साऱ्या वर्षात असे यश कुणाला आले नव्हते. पण त्यांच्या मदतीला यायची राखीव फौज मैलोगणती मागे राहिली होती. ती येईपर्यंत टेकडी हातची गेली. जूनमध्ये ती लढाई थांबली तेव्हा फ्रेंचांची हानी लाखावर गेली होती. सप्टेंबरच्या २५ तारखेला शांपेनमध्ये पुन्हा मोठी चढाई झाली. आता लाल विजारी जाऊन आकाशी निळे कपडे आले होते, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण आले होते, जड तोफाही वाढल्या होत्या. रेघ मात्र थोडीशीच वाकली.

आता माझे पहिले मास्तर. लुई पेर्गो. जन्म १८८२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दू परगण्यातल्या एका खेड्यात. बाप शाळामास्तर, मुलगाही शाळामास्तर. पुढे तो पॅरिसला गेला, लिहू लागला, आणि जनावरांच्या जीवनावरच्या त्याच्या गोष्टींना १९१० साली गोंकूर पारितोषिक मिळाले. १९१२ साली त्याने एक कादंबरी लिहिली. तिचे नाव ‘बटणांची लढाई’. दोन शेजारच्या गावांतल्या पोरांचे पिढीजात वैर. शाळा सुटली की रानात लढाई. जो शत्रू हाती सापडेल त्याला मारायचे नाही. त्याच्या सदऱ्याची, विजारीची बटणे कापून घ्यायची, बुटांच्या नाड्या काढायच्या आणि सोडून द्यायचे. खरी शिक्षा तो घरी गेल्यावर आई करणारच! शेवटी एका सेनापतीला युक्ती सुचते, कपडे काढूनच लढायला जावे, म्हणजे बटणे जाणार कशी? ज्याने शाळेच्या ओसरीवर उभे राहून पोरांच्या लढाया पाहिल्या आहेत, त्यालाच हे सुचावे. कथासार वाचतानाच मला माझ्या वर्गातले चारपाच सेनापती डोळ्यांपुढे दिसू लागले.

दोन वर्षांनी खरी लढाई आली. पेर्गो सैन्यात गेला, अधिकारी झाला. १९१५ च्या एप्रिलात व्हर्दंच्या पूर्वेला व्होव्ह्रच्या चिखलाळ मैदानात फ्रेंचांनी चढाई केली. ७ एप्रिल उलटून ८ उजाडायच्या आत, मार्शेव्हिल गावाजवळ, भर पावसात आणि काळोखात पेर्गोची तुकडी पुढे गेली. समोर तारा होत्या. तो जखमी होऊन तिथेच पडला. जर्मनांनी त्याला उचलून नेले आणि पुढे फ्रेंच तोफांच्याच भडिमारात त्याचा अंत झाला, असे मानतात. त्याचा देह कधी सापडला नाही. वय अवघे तेहतीस. पॅरिसच्या पँथेऑनमध्ये, युद्धात पडलेल्या लेखकांच्या यादीत त्याचे नाव कोरले आहे. ज्या माणसाने बटणे कापून भागणारी लढाई कल्पिली, त्याला तारांची लढाई गिळून गेली.

दुसरे मास्तर तेओफिल मोपा. यांनी कादंबरी लिहिली नाही, पारितोषिक मिळवले नाही. नॉर्मंडीतल्या ल शफ्रेन नावाच्या खेड्यात ते शिकवीत. पत्नी ब्लांश, त्याही शिक्षिका. युद्ध आले तेव्हा मोपा चाळिशीला आलेले. सैन्यात कॉर्पोरल झाले. १९१५ च्या मार्चात त्यांची कंपनी शांपेनमध्ये सुएँ गावापाशी खंदकात होती. आधीचे हल्ले फसले होते. समोरच्या तारांवर आपल्याच माणसांची प्रेते लोंबत होती. १० मार्चला पहाटे पुन्हा चढाईचा हुकूम आला. तारा तुटलेल्या नाहीत, मशीनगनी शाबूत आहेत, हे वर डोके काढणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. थकलेली कंपनी खंदकातून बाहेर पडली नाही.

डिव्हिजनचे जनरल रेव्हेयाक संतापले. त्यांनी आपल्याच खंदकांवर तोफा डागून या लोकांना बाहेर काढा, असा हुकूम दिला. तोफखान्याच्या कर्नलाने तो लेखी मागितला, आणि लेखी आला नाही म्हणून तोफा डागल्या नाहीत. या कर्नलापुढे मी मनातल्या मनात हात जोडतो. कधी कधी एका माणसाने ‘लिहून द्या’ म्हटले, एवढ्यावर शेकडो जीव वाचतात. मग सहा कॉर्पोरल आणि अठरा शिपाई निवडून त्यांना भरदिवसा तारा कापायला पाठवले. ते खड्ड्यांत आडोसा धरून बसले आणि परतले. १६ मार्चला लष्करी न्यायालय बसले. शिपाई सुटले, दोन कॉर्पोरल सुटले. चार कॉर्पोरल दोषी ठरले, त्यांत मोपा. दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, त्यांना आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या. त्याच १७ मार्चला शांपेनची ती चढाई संपल्याचे इतिहास सांगतो.

इथे एका जवळच्या गोष्टीची नोंद केली पाहिजे. ज्या १० मार्चला मोपांची कंपनी खंदकात थिजून उभी होती, त्याच दिवशी तिथून उत्तरेला नव्ह शापेल गावावर इंग्रजांनी चढाई केली, आणि तिच्यात हिंदी पलटणी आघाडीला होत्या. त्याच गावात आधी, १९१४ च्या २८ ऑक्टोबरला, शीख पलटणीबरोबर आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या घरोघर झुंजल्या होत्या. त्यांचे सगळे इंग्रज अधिकारी पडले किंवा जायबंदी झाले. या सॅपर्समध्ये मराठेही असत. नव्ह शापेलला १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० वर हिंदी नावे आहेत. आणि तिथून जवळच आर्त्वातल्या लोरेतच्या टेकडीवर २०१४ साली एक मोठे कडे उभारले आहे. त्या मुलखात पडलेल्या ५,७९,६०६ सैनिकांची नावे त्यावर आहेत. देश नाही, हुद्दा नाही, शत्रू-मित्र नाही, नुसती वर्णानुक्रमाने. मास्तराच्या भाषेत सांगायचे तर हजेरीपट. फक्त ‘हजर’ म्हणायला कुणी नाही.

मोपांचे नाव मात्र बराच काळ कोणत्याही सन्मानाच्या यादीत नव्हते. भेकड म्हणून गोळी घातलेल्याच्या विधवेला निवृत्तिवेतन कसले आणि गावच्या स्मारकावर नाव कसले? अशा वेळी बाईमाणूस दार लावून बसले असते तर कुणी दोष दिला नसता. ब्लांशबाईंनी दार लावले नाही. त्यांनी मानवी हक्कांच्या संघाला गाठले, अर्ज केले, सभांतून बोलल्या. न्यायालयांनी अर्ज फेटाळले. त्यांनी पुन्हा केले. १९२३ साली पतीचा देह नॉर्मंडीत सार्तियीला आणवला. अखेर १९३२ साली फ्रान्सने अशा खटल्यांसाठी एक खास न्यायालय नेमले, ज्यात माजी सैनिकही न्यायाधीश म्हणून बसत. १९३४ च्या ३ मार्चला त्या न्यायालयाने चारही कॉर्पोरलांना निर्दोष ठरवले. मागितलेला त्याग माणसाच्या शक्तीपलीकडचा होता, असा त्या निकालाचा आशय. गोळ्या घालायला हुकमापासून सात दिवस लागले. कलंक पुसायला एकोणीस वर्षे. त्या युद्धात शिस्तभंगासाठी फ्रेंचांनी आपले सहाशेहून अधिक शिपाई मारले. सगळ्यांच्या मागे ब्लांशबाई नव्हत्या.

मी ज्या शाळेत शिकवतो तिथला एक मुलगा सैन्यात गेला आहे. अभ्यासात बेताचा, पण अंगापिंडाने दणकट आणि मनाने सरळ. भरती झाल्यावर पेढे घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, “गुरुजी, काही सांगा.” मी म्हणालो, “वरिष्ठांचे ऐक, जिवाला जप.” दोन्ही वाक्ये मी आशीर्वादासारखी एका दमात उच्चारली. ती दोन वाक्ये एकमेकांशी भांडू शकतात, हे मला मोपांनी शिकवले. एरवी या दोन्हींत अंतर पडत नाही. सैन्य चालते, देश राहतो, ते शिस्तीवरच. मार्नच्या काठी फ्रेंच शिपाई ऐकणारा होता म्हणूनच पॅरिस वाचले. पण सुएँच्या खंदकात एका पहाटे ती दोन वाक्ये समोरासमोर उभी राहिली, आणि त्यांच्यामध्ये एक मास्तर चेंगरला.

आम्ही मास्तर लोक आयुष्यभर ऐकायला शिकवतो. ओळीत उभे राहा, सांगितले तेवढेच करा, हात वर केल्याशिवाय बोलू नका. पन्नास मुलांचा वर्ग त्याशिवाय चालत नाही, हे कुणीही मास्तर सांगेल. मोपांनीही हेच शिकवले असणार. तरी हात वर करून बोलता येते, हेही आम्हीच शिकवायचे असते. ‘लिहून द्या’ म्हणणाऱ्या त्या कर्नलालाही कधीकाळी कुणा मास्तराने हात वर करायला शिकवले असेल, असे मला उगीचच वाटत राहते.

त्या चढाईतली पाच गावे, पेर्त, युर्लु, ल मेनिल, ताय्यूर आणि रिपाँ, पुन्हा कधी वसली नाहीत. ज्या खेड्यांसाठी माणसे मेली ती खेडीच उरली नाहीत. जमिनीत इतके न फुटलेले गोळे होते की ती लष्कराच्याच ताब्यात गेली, आणि १९५० साली त्या गावांची नावे शेजारच्या गावांच्या नावांना जोडून टाकण्यात आली. आता फळ्यावर ती रेघ ओढली की मी बाण काढत नाही. रेघेवर पाच टिंबे देतो, आणि त्यांची नावे मुलांकडून म्हणवून घेतो. परकी नावे म्हणताना मुलांची बोबडी वळते, वर्ग हसतो. हसू ओसरले की मग पेर्गोची बटणे सांगतो आणि मोपांची गोष्ट सांगतो.

या दिवाळीला माझ्या त्या विद्यार्थ्याला रजा मिळाली आहे, असे त्याची आई परवा बाजारात सांगत होती. तो फराळाला येईलच. चकल्या खाता खाता त्यालाही मोपांची गोष्ट सांगायचे मी ठरवले आहे, आणि त्याचे म्हणणे विचारणार आहे. हुकूम म्हणजे काय, हे आता त्याला माझ्यापेक्षा अधिक कळते.